डाव्या दांड्याचा हेवा

मित्रांनो, मी एका जुन्या सायकलचा डावा दांडा आहे. सायकल म्हटली की तुम्हाला चाके आठवतात, घंटी आठवते. माझ्या टोकाच्या पायडलवर तुम्ही रोज पाय देता, पण माझी आठवण कोणाला येत नाही. त्याची मला सवय झाली आहे, असे मी म्हणतो. झालेली नाही.

लांबच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला आणि उजव्या दांड्याला एकाच लोखंडातून घडवले, म्हणजे आम्ही सख्खे भाऊ. पण वाटणीच्या वेळी दातेरी चक्र त्याला मिळाले आणि मी रिकामा राहिलो. चक्र आले म्हणून साखळी आली, साखळी आली म्हणून तेल आले. मार्गिलान शहराजवळच्या एका गावात मामासोली नावाच्या शेतकऱ्याकडे आम्ही नांदायला आलो. दर शुक्रवारी मशिदीत जाण्याआधी मामासोली साखळीला तेल घाली आणि उजव्यावरून फडके फिरवी. ते फडके माझ्यापर्यंत कधी पोहोचले नाही. भार आम्ही दोघे सारखाच उचलत होतो, मग लाड एकाचेच का? या विचाराने मी आतल्या आत जळत असे.

मी सायकलच्या आसाला एका लोखंडी पाचरीने धरून असतो. ही पाचर हातोड्याने ठोकून घट्ट बसवावी लागते. तिच्या टोकाला नट असतो, पण तो नुसता राखणदार. पाचर मागे सरकू नये एवढेच त्याचे काम. एका वसंतात माझी पाचर झिजली आणि दर फेऱ्याला मी कटकट करू लागलो. नेमका तेव्हाच घरात किड्यांचा हंगाम सुरू झाला होता.

आमच्या गावात वसंतात घरोघरी रेशीमकिडे पाळतात. घरातली मोठी खोली त्यांना द्यायची आणि माणसांनी अंगणात पथाऱ्या पसरायच्या. कांदा तळायचा नाही, त्यांना वास सोसत नाही. मोठ्याने बोलायचे नाही, ते दचकतात. परक्या माणसाला आत घ्यायचे नाही, दृष्ट लागते. मामासोलीची आई अनोरआजी दारात बसून पहारा करी आणि घरात तान्हे बाळ निजले असावे तशी सगळ्यांना दटावी. किडे लहान होते तोवर ती त्यांना कोवळा पाला बारीक चिरून भरवत होती. मला मात्र अंगणातल्या भिंतीला टेकवून उन्हात ठेवलेले! उजव्याचा हेवा काही कमी होता म्हणून की काय, आता या गोऱ्यागोमट्या अळ्यांचाही सुरू झाला. बसल्या जागी खायचे, एवढाच त्यांचा उद्योग. त्यांच्यासाठी तुतीच्या फांद्या वाहून आणत होतो मी, आणि कौतुक मात्र त्यांचे.

गावात सायकली दुरुस्त करणाऱ्या तुरगुनने माझे कुरकुरणे रस्त्यावरून ऐकले. दुसऱ्या दिवशी तो नवी पाचर घेऊन आला. आत यायला बंदी, म्हणून त्याने ती भिंतीवरूनच पुढे केली.

"मामासोली, ही घे. खाली दगडाचा टेकू दे आणि दणकून घाव घाल. बसेल."

"घाव?" अनोरआजी कुजबुजली, पण भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी. "माझ्या लेकरांच्या कानाशी हातोडा?"

"आजी, किड्यांना कान कुठं असतात?"

"तुला आहेत ना? मग ऐक. या अंगणात हातोडा वाजायचा नाही."

आईपुढे मामासोलीचे काय चालणार? त्याने पाचर हाताने सरकवली आणि पान्याने नट आवळला. नुसत्या नटाच्या जिवावर मी कितीसा तग धरणार? कालव्याच्या वळणावर मी पुन्हा ढिला झालो. त्याने पुन्हा आवळला. मी पुन्हा ढिला. शिव्या मात्र मलाच, "हा डावा मेला पहिल्यापासूनच नाठाळ!" उजव्याचे दात तेव्हा उन्हात चमकत होते. मला वाटले, तो हसतो आहे.

मग किड्यांची शेवटची, मोठी भूक सुरू झाली. या दिवसांत ते अखंड खातात आणि खोलीभर सरसर आवाज चालू असतो. तेव्हा पोटभर मिळाले नाही तर ते कोश विणत नाहीत आणि घराचा सगळा हंगाम वाया जातो. जवळची झाडे ओरबाडून झाली होती, म्हणून मामासोली पार धरणाच्या बाजूला जाऊन फांद्यांचा भारा घेऊन निघाला. अर्ध्या वाटेवर माझी पाचर निसटली, त्याचा पाय सटकला आणि तो भाऱ्यासकट आडवा झाला. पुढे सगळी वाट त्याने उन्हातून सायकल ढकलत आणली. घरी पोहोचेपर्यंत पाला मलूल झाला होता.

किड्यांनी त्याला तोंड लावले नाही. सरसर थांबली. डोकी वर करून ते नुसते हवेत चाचपडू लागले. खरे सांगतो, क्षणभर मला बरे वाटले. आता कळेल, म्हटले, या घराला डाव्याची किंमत! पण अनोरआजी डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसू लागली, तेव्हा माझा आनंद कुठल्या कुठे गेला.

"उद्यापर्यंत असेच राहिले तर गेले रे सगळे," ती म्हणाली.

इतका वेळ गप्प असलेली सून ओयनिसा हळूच म्हणाली, "अहो, किडे काही हलणार नाहीत. पण सायकलला तर चाकं आहेत ना? ती कालव्यावर न्या आणि तिथं हवी तेवढी बडवा."



"अगं, मग इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस?" अनोरआजी म्हणाली.

"तुमचीच आज्ञा, आई. हूं की चूं करायची नाही!"

कालव्याच्या काठी तुरगुनने माझ्याखाली दगड ठेवला, पाचर नीट घासून बसवली आणि मामासोलीने हातोडा उचलला. मित्रांनो, ते घाव मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक घावाबरोबर मी आसाला मिठी मारत गेलो. उजवा नुसता बघत होता. त्या दिवशी त्याच्या वाट्याला काहीच आले नव्हते, आणि मला फार गोड वाटले.

ऊन उतरायच्या आत आम्ही ताजा पाला घेऊन परत आलो. खोलीत पुन्हा सरसर सुरू झाली. त्यानंतर मी एकदाही सुटलो नाही.

काही दिवसांनी किड्यांनी पांढरेशुभ्र कोश विणले. ते पोत्यांत भरून माझ्या सायकलवर लादले. अनोरआजीने पोत्यावर हात ठेवला, ओठांशी नेला आणि ती आत निघून गेली. कोश जमा करायच्या ठिकाणी ती कधीच येत नसे. का येत नसे, ते मला तिथे गेल्यावर कळले.

दाराशी गरम वाफेचा लोट अंगावर आला. "लवकर वाफेत घाला," तिथला माणूस म्हणाला. "आतलं पाखरू जिवंत राहिलं तर कोश फोडून बाहेर येतं. मग धागा तुटतो."

कोवळा पाला, सावली, कुजबुज, ते सगळे लाड याच्यासाठी होते. आणि त्यांना इथवर आणून सोडणारा मी होतो. वाटेत एकदाही कुरकुरलो नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदाच वाटले, आज मी ढिला झालो असतो तर?

मित्रांनो, तुमच्या सायकलचा दांडा ढिला झाला तर नुसता नट आवळून वेळ मारून नेऊ नका. लांब न्यावा लागला तरी न्या, पण पाचर नीट ठोका. आणि कोणाचे फार लाड होताना पाहून जळू लागलात, तर ते कशासाठी चालले आहेत हेही एकदा पाहा. दर वसंतात आमच्या अंगणात पुन्हा कुजबुज सुरू होते, आणि मी पाला आणायला निघतो. किड्यांचा हेवा आता मला वाटत नाही. उजव्याचा वाटतो. कालच शुक्रवार होता.