पाचांपैकी दोन

गुणवंतशेठनी गुरुवार मुद्दाम निवडला होता. चातुर्मासात दर गुरुवारी त्यांची टेस्टिंगवाली शुभदा दुपारी बारापर्यंत मौन पाळते, हे शेठच्या भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात चहावाल्यालाही ठाऊक. गिऱ्हाइकाला त्यांनी बोलावलं साडेदहाला. शेठची सगळी हुशारी अशाच कामी यायची.

शेठ सर्वो ड्राइव्ह बनवत. म्हणजे मोटरला किती फिरायचं ते सांगणारा डबा. मोटर नेमकी कुठवर फिरली हे तिच्या मागे बसवलेला एन्कोडर कळवतो, आणि दर कंपनीच्या एन्कोडरची कळवायची रीत निराळी. डब्यावर शेठनी ठसठशीत छापलं होतं, 'पाचही प्रकार चालतात.' शुभदाने तपासून पास केले होते दोन. बाकीचे तीन मेनूत नुसते नावापुरते. निवडले की डबा गुपचूप दुसऱ्याच प्रकाराने वाचायचा. शेठचं म्हणणं, प्लग बसला ना, मग झालं! पायात शिरली ती चप्पल आपलीच, असं मानणारी माणसं देवळाबाहेर पुष्कळ भेटतात. त्यांच्यापैकी कोणी कारखाना काढत नाही, एवढंच.

समुद्रकाठच्या पालीहून विल्सन आणि त्याची बायको सबीना आली. सुकटीची पाकिटं भरून कापणारं त्यांचं यंत्र. त्याचा ड्राइव्ह जळलेला. मोटर गोणपाटात गुंडाळून आणलेली. एन्कोडर तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे नावापुरत्या तिघांतला.

शेठनी प्लग खोचला, मेनूत तिसरं नाव निवडलं आणि मोटरच्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, एक गरकन फेरा दिला. पडद्यावर आकडे पळाले.

"बघा! चलता है की नहीं?"

"हलतात खरे," विल्सन म्हणाला. "पन पात्याखाली हिचे हात असतात, शेठ. काय व्हनार न्हाय ना?"

"आमच्या मॅडमना विचारा. टेस्टिंग त्यांचंच." शेठनी सर्टिफिकेट शुभदापुढे सरकवलं. पाचही नावं, खाली सहीची जागा. "आज मौन आहे त्यांचं. आणि मौन म्हणजे संमती, काय?"

शुभदाने कागद बाजूला सारला. गुरूंच्या नावाने धरलेलं मौन या माणसाने शिक्क्यासारखं वापरावं! तिने सबीनाचा हात धरून शाफ्टवर ठेवला, खुणेनं सांगितलं, हळू. सबीनाने बोटभर फिरवलं. आकडा चढत गेला, चढत गेला आणि एकदम अर्ध्या फेऱ्याएवढा उडाला.

"अगो बाय!"

"लाइनमध्ये नॉइज आहे थोडा," शेठ म्हणाले. "अर्थिंग दिलं की जातो."

घड्याळात अकरा वीस झाले होते.

"जात नाही," शुभदा म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, हळू. "डबा हा एन्कोडर चुकीचा वाचतोय. यांचे हात आत असताना पातं खाली येईल."

शेठनी घड्याळाकडे बोट केलं. "मॅडम, व्रत मोडलंत तुम्ही!"

"मोडलं. उद्या उपास करीन. तुम्ही काय कराल?"

सबीनाने शाफ्टवरचा हात काढून घेतला.

"मंग आमचं व्हनार कधी?" विल्सनने विचारलं.

"या एन्कोडरचा प्रोग्रामच अजून लिहिलेला नाही. दोन महिने तरी लागतील. घाई असेल तर वसईला एकांकडे तो वाचणारा ड्राइव्ह मिळतो."

"वसईला? माझ्या गाळ्यात बसून?" शेठ ओरडले.

शुभदाने सर्टिफिकेटवरची तीन नावं खोडली, उरलेल्या दोन नावांखाली सही केली आणि कागद शेठच्या हातात दिला.

विल्सन मोटर पुन्हा गोणपाटात गुंडाळत होता. "वसईवाल्याचं नाव लिवून द्या, बाय," तो म्हणाला.

तिने लिहून दिलं. फोन नंबरासकट.