भोज्याला चिकटलेलं भूत

राखाडी भूत वळणावर आलं की किंचित थांबायचं. बाकीची तिघं कोपऱ्यावर पोहोचताच वळत, नळीतून पाणी वळावं तशी. राखाडी मात्र आधी मान डावीकडे करायचं, मग उजवीकडे, आणि मग निघायचं. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ. सहज पडद्याकडे पाहणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नसतं. मुंगीच्या आलं, कारण घरी समोरच्या खोलीत तेच भूत रोज संध्याकाळी तिच्यासमोर तसंच थांबत होतं, आणि इतकी वर्षं तिला वाटत होतं की जुना पडदा अडखळतो.

मुंगी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी दादानं ठेवलेलं. एकदा ऑफिसात वहिनीचा फोन सगळ्यांना ऐकू गेला, "मुंगे, येताना दूध आण गं," आणि तेव्हापासून तिथंही ती मुंगीच झाली.

ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या वरचा मजला. तिथं मोबाइलवरचे खेळ बनत. मालकाला सगळे मालकच म्हणत, तो स्वतः फरशी पुसायचा तेव्हाही. लहानपणी तो दादाचा खेळ मनसोक्त खेळला होता. दादानं तो ऐन तरुणपणी बनवला, प्लायवुडच्या कपाटात बसवला आणि दुकानांच्या वळचणीला ठेवला. चक्रव्यूहासारख्या गल्ल्या, गल्ल्यांत पिवळे दाणे, दाणे टिपणारा एक गोल गडी आणि त्याच्या मागावर चार भुतं. मधोमध एक चौकोन होता. त्याला शिवलं की भुतं काही करू शकत नसत. पोरं त्याला भोज्या म्हणत, आणि दादाही.

"आता भोज्या-बिज्या नको," मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "लोकांना थांबायला वेळ कुठाय? गडी पळतोय, पुढं नव्या गल्ल्या उगवतायत, मागच्या अंधारात कोसळतायत. थांबला की संपला. बनवशील ना? तुझ्याच दादाचा खेळ आहे, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन होत नाही."

"उद्या सांगते," मुंगी म्हणाली होती.

"तुझं उद्या मला ठाऊक आहे," मालक म्हणाला होता. पण तिनं खरंच दुसऱ्या दिवशी हो म्हटलं, आणि त्याचं सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं.

आता खेळ जवळजवळ उभा राहिला होता. गल्ल्या उगवत होत्या, कोसळतही होत्या. तीन भुतं जिवाच्या आकांतानं धावत होती. राखाडी मात्र थोडं धावून वळणावर थांबे, मान डावी-उजवी करी आणि उलटं फिरे. मग पडदा वर सरकायचा आणि ते खाली अंधारात नाहीसं व्हायचं. पुन्हा दिसायचंच नाही.

"तुझं भूत कामचुकार आहे," चित्रं काढणारी म्हणाली. चौघांची तोंडं तिनंच नव्यानं रंगवली होती. "मी एवढे त्याचे डोळे काढले आणि हे बाई निघालं माघारी!"

"काढून टाक," मालक म्हणाला. "तीन भुतं पुरेत. लोकांच्या मागं तशीही कमी नाहीत."

"उद्या सांगते."

"झालं!"

मुंगीनं दादाचा मूळ प्रोग्रॅम पुन्हा उघडला. दादाला लिहिताना टिपणं करायची सवय नव्हती, पण नावं तो मजेशीर द्यायचा. नाकासमोर धावत येणारं लाल भूत म्हणजे गणिताचे मास्तर. वळसा घालून पुढं येऊन उभं राहणारं हिरवं, ती शेजारची काकू. वाटेल तिथं भटकणारं निळं म्हणजे आजोबा, जेवणानंतरचे. चौथ्याला मात्र नुसतं एक अक्षर होतं, म. खेळ नव्यानं लिहिताना तिला वाटलं, म म्हणजे मागचं, सगळ्यांच्या मागून येणारं. आणि तिनं तसंच नाव देऊन टाकलं होतं.

ती ओळ अन् ओळ वाचत गेली. पहिली तिघं गडी कुठं आहे ते पाहत आणि पाय उचलत. चौथं गड्याकडे पाहतच नव्हतं. ते भोज्याकडे निघायचं. वाटेत प्रत्येक वळणावर गडी दिसतो का ते पाहायचं, डावीकडे, उजवीकडे, आणि पुन्हा भोज्याची वाट धरायचं. भोज्याशेजारच्या घरात जाऊन उभं राहायचं. कधी ना कधी गडी इथंच येणार, एवढंच त्याला कळत होतं.

आणि तिनं चक्रव्यूहातून भोज्या काढला होता, भुताच्या डोक्यातून काढायचा विसरली होती. जागा कोरी असली की यंत्र ती शून्य धरतं. शून्य म्हणजे खेळ जिथून सुरू झाला ती जागा. भूत तिकडं निघालं होतं.

चूक सापडली होती. सुधारायला एक ओळ पुरली असती. पण मुंगीच्या मनात आलं, ते पोहोचतं कुठं ते एकदा पाहावं. तिनं खेळाची नजर गड्यावरून काढून राखाडी भुतावर लावली.

गडी, दाणे, गल्ल्या सगळं वर निघून गेलं. राहिला तो काळा पडदा. त्यात मधोमध राखाडी भूत उभं होतं. भोवतीच्या भिंती केव्हाच कोसळल्या होत्या. पायाखाली जमीन नव्हती. तरी ते मान डावीकडे करत होतं, मग उजवीकडे, मग डावीकडे. नसलेल्या गल्ल्यांमध्ये पाहत होतं. खाली छापखान्याचं यंत्र धडधडत होतं, चित्रवाली कुणाशी तरी फोनवर हसत होती, खिडकीत चांगलं ऊन होतं. तरीही मुंगीच्या मानेवर काटा आला.

ते उभं राहणं तिच्या ओळखीचं होतं.

लहानपणी राज्य तिच्यावर आलं की ती कुणालाही शोधायला जायची नाही. धावण्यात ती कच्ची. भोज्या म्हणजे पाण्याच्या टाकीचा खांब. त्याला पाठ लावून ती उभी राहायची आणि नुसती इकडून तिकडे पाहायची. गडी भोज्याला शिवायला येणारच, आला की धरायचा. लपलेली पोरं लपूनच कंटाळायची. कुणाला घरी जेवायला बोलवायचे तरी निघता येत नसे. शेवटी दादा पत्र्याआडून ओरडायचा, "ए मुंगे, भोज्याला चिकटायचं नाही! नियम आहे! तू हललीस तर आम्ही सुटू ना!"

ती हलायची नाही.

म म्हणजे मागचं नव्हतं.

तिनं यंत्र बंद केलं. मालक जिन्यात भेटला. "काय ठरलं भुताचं?" त्यानं विचारलं. ती तशीच पायऱ्या उतरत राहिली. "उद्या, उद्या," तोच म्हणाला आणि बाजूला झाला.

घरी ती दिवेलागणीला पोहोचली. दार नुसतं लोटलेलं होतं. या दाराला आतून कडी लावली जात नसे. कित्येक वर्षांपूर्वी दादा घरातल्या चपला घालून गेला होता, "फ्यूज घेऊन येतो, पाच मिनिटांत," असं सांगून. समोरच्या खोलीत त्याच्या खेळांतलं शेवटचं कपाट उघडं पडलं होतं, मागच्या झाकणाचे स्क्रू बशीत काढून ठेवलेले. तो आला नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, नातेवाईक झाले, मग विचारणारेही थांबले. फ्यूज पुढं मुंगीनंच आणून बसवला. झाकण मात्र लावलं नाही. स्क्रू अजून त्याच बशीत होते. रोज अंधार पडला की ती कपाट चालू करी आणि गल्ल्यांचा निळा उजेड दारापर्यंत जाई. किल्ली त्याच्याकडे नव्हती म्हणून ना कुलूप, ना कडी. वहिनी दाराआड एक रिकामा डबा ठेवायची, दार ढकललं तर वाजावा म्हणून. चोर आला तर कळेल, असं ती म्हणे. दोघींपैकी कुणीही दुसरं कारण बोलून दाखवत नसे.

आज डबा वाजला तेव्हा वहिनी आतून म्हणाली, "मुंगे, तूच ना?"

"मीच."

"वाटलंच. तुझ्याशिवाय कोण तो डबा इतका जपून पाडणार!"

वहिनी दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची. तिच्या बोटांना नेहमी हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याचा वास असे. आताही ती टेबलाशी बसून कुणाच्या तरी खालच्या दातांना पॉलिश करत होती. "हे आजोबा म्हणतायत, हसलो की दात हलतात," ती म्हणाली. "मी म्हटलं, मग हसू नका. तर हसायलाच लागले."

मुंगी हसली नाही. वहिनीनं तिच्याकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा दातांकडे.

"डॉक्टर परवा निघतायत," वहिनी कवळीशीच बोलल्यासारखी म्हणाली. डॉक्टर म्हणजे ज्यांच्यासाठी ती सर्वांत जास्त काम करायची ते दंतवैद्य. शांत माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दुसऱ्या गावी दवाखाना थाटायला निघाले होते आणि वहिनीला त्यांनी सरळ विचारलं होतं, याल का म्हणून. वहिनी म्हणाली होती, विचारून सांगते. कुणाला विचारून, ते तिनं सांगितलं नव्हतं. मुंगीला मात्र तिनं कधी विचारलंच नाही. विचारायच्या बेतानं दोन-तीनदा चहा केला होता, एवढंच. प्रत्येक वेळी मुंगी कप उचलून कपाटाकडे जाऊन बसली होती.

"मी त्यांना नाही म्हणून कळवते," वहिनी म्हणाली. "उगाच बिचारे ताटकळतात. एखाद्याला असं लटकवून ठेवणं बरं नाही."

"त्यांना?"

वहिनीचा हात थांबला. "कुणालाही," ती हळूच म्हणाली. मग सावरून घेत म्हणाली, "आणि तुला सोडून जाऊ कुठं? दूध उतू गेलं तरी तुला कळत नाही. तू आपली तिथं पडद्यासमोर."

मुंगी कपाटाशी गेली. सवयीनं हात बटणावर गेला. पडदा उजळला. गल्ल्या, दाणे, चार भुतं. लाल, हिरवं, निळं आपापल्या वाटेनं पांगली. राखाडी निघालं, वळणावर थांबलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि भोज्यापाशी जाऊन उभं राहिलं. खेळायला कुणीच नव्हतं. त्याला ते कळत नव्हतं. ही सगळी वर्षं ते रोज संध्याकाळी असंच उभं राहिलं होतं. त्याच्यामागं, दाराकडे तोंड करून, ती.

आणि आत, टेबलाशी, लपून कंटाळलेलं एक माणूस. त्याला घरी बोलावणारं कुणी होतं, आणि भोज्या मोकळा होत नव्हता.

तिनं बटण बंद केलं. खोलीतला निळा उजेड गेला आणि आतल्या दिव्याचा पिवळा उजेड उंबऱ्यापर्यंत आला. बशीतले स्क्रू तिनं मुठीत घेतले आणि झाकण जागेवर बसवलं. एकेक स्क्रू बोटांनीच फिरवला. एक गंजलेला होता, तोही बसला.

"काय करतेस गं अंधारात?" वहिनी दारात आली. हातात कवळी तशीच.

मुंगी उठली. दाराआडचा डबा तिनं उचलून बाजूला ठेवला आणि कडी सरकवली. वापर नसल्यानं ती करकरली आणि मधेच अडली. तिनं तळव्यानं रेटली तेव्हा बसली.

"मुंगे," वहिनीचा आवाज चिरकला. "अगं, कडी?"

मुंगीनं दाराला पाठ लावली. मग लक्षात आलं तशी ती दारापासून बाजूला झाली, खोलीच्या मधोमध आली.

"दादा आता यायचा नाही, वहिनी," ती म्हणाली. "डॉक्टरांना हो म्हणून कळव. मी राज्य सोडलं."