गॅसची गोळी

दर महिन्याला रीताचं पोट दुखायचं. दर महिन्याला आई दवाखान्यात एवढंच सांगायची, "पोट दुखून राह्यलं जी पोरीचं." मग तिला गॅसची गोळी मिळायची. पाच महिने गोळ्या गिळून झाल्या, तरी नववीतल्या रीताची दर वेळी तीन दिवस शाळा बुडतच होती. पाळीला घरात 'दूर बसणं' म्हणत, तेही बाबा जवळपास नसले तरच.

या वेळी आई धान कापायला गेलेली, म्हणून बाबाच तिला सायकलवर बसवून एटापल्लीच्या दवाखान्यात घेऊन आले.

"पोट दुखते जी हिचं," बाबा म्हणाले. "चिंचा खाते लय."

डॉक्टरीणबाईंनी गॅसची गोळी लिहायला घेतली. गुरुवारी कबड्डीची मॅच होती. आता गप्प बसले तर तीही गेली, हे रीताला कळत होतं.

"चिंचा नाई, मॅडम. पाळी आली का दुखते."

बाबा एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले, तेही मागच्या वर्षीचं. बाईंनी मग नीट विचारलं, तपासलं, दुसरी गोळी दिली आणि पोट शेकायला सांगितलं.

परतताना बाबा नुसतीच जोरात सायकल हाणत राहिले. रीताला वाटलं, आता घरी आपली काही खैर नाही.

आई शेतातून परतली होती. अंगणात सायकल टेकवून बाबांनी तिला हाक मारली, "अवो, पाणी गरम कर. पोरीची..." ते अडखळले. "पाळी आहे तिची."

"हळू बोला ना! शेजारी काय म्हणतील?"

"हळू बोलूनच तर पाच महिने गॅसच्या गोळ्या खाल्ल्या तिनं."

बाबांचे कान लालबुंद झाले होते, पण आवाज काही त्यांनी खाली आणला नाही.