न बसलेला गूळ

आण्णांच्या गुऱ्हाळात काल ओतलेला गूळ आज दुपारीही बादल्यांत पाघळत होता. आण्णा खवळले. "कृष्णात, तुझा हात गेला! परवापास्नं दुसरा गुळव्या येतोय." तीस वर्षं रस आटवायच्या काहिलीपुढं उभा राहिलेला कृष्णात मान खाली घालून घरी आला.

दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजारामपुरीतल्या क्लासात केमिस्ट्री शिकवणारी बाई ती, बापाला असं हाकललेलं बघून गप्प बसणार होय?

"आप्पा, ऊस कधी तोडल्याला?" तिनं बापाला विचारलं.

"अमावास्येच्या आदल्या दिवशी."

अमावास्येला गुऱ्हाळाची चूल पेटवायची नाही, हा आण्णांच्या घरचा रिवाज. म्हणजे तोडलेला ऊस दोन दिवस उन्हात पडून!

"मग बोलला का न्हाईसा?"

"मालकाला काय बोलायचं?"

दीक्षा तडक काचनळ्या आणि साखर तपासायचं बेनेडिक्टचं निळं औषध घेऊन गुऱ्हाळावर धडकली. ढिगातला उरलेला ऊस आणि फडातला ताजा, दोन्ही तिनं घाण्यात वेगवेगळे पिळून घेतले. आण्णांनी शिळा रस चाखला. "गोड तर हाय की!"

"गोड हाय, पर गुळाच्या कामाचा न्हाय. साखरेत ग्लुकोज आन् फ्रुक्टोज हातात हात घालून असत्यात. ऊस पडून आंबला की हात सुटत्यात. सुटी झालेली गोड लागत्यात, पर कणी धरत न्हाईत, दुसऱ्यालाबी धरू देत न्हाईत."

"पुस्तकातलं सांगू नगोस."

"मग डोळ्यानं बघा."

रसाचे थेंब निळ्या औषधात टाकून तिनं दोन्ही नळ्या उकळत्या पाण्यात धरल्या. ताज्या रसाची नळी हिरवट झाली. शिळ्याची विटकरी लाल. "जितकी सुटी साखर, तितकं लाल," दीक्षा म्हणाली.

आण्णांनी लाल नळी उजेडाकडं धरून बघितली. "उद्या ताजा ऊस, एकच काहील. न्हाय बसला गूळ, तर तुझ्या बानं परत पायरी चढायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी कृष्णातनं पाक उतरवला. दीक्षा जागची हलली नाही. संध्याकाळी बादली पाटावर उपडी केली. धप्प! ढेप ताठ उभी राहिली, कडासुद्धा ढासळली नाही. दीक्षाला रडूच आलं.

आण्णा खाकरले आणि तिच्याकडं वळले. "पुढच्या अमावास्येला काय करायचं म्हणतीस?"

दीक्षानं आप्पांकडं बोट दाखवलं.

कृष्णातनं हात पुसले आणि मालकाच्या नजरेला नजर दिली. "आदल्या दिवशी उसाला कोयता लावायचा न्हाय. मी सांगीन तवाच तोड."

"बरं," आण्णा म्हणाले.