सोनाजीनं बेलभंडारा उचलला नाही

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. तातेरावांचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी हे पाणीसुद्धा फुंकून पीत! बाहात्तरच्या दुष्काळात जनावरं गेली, म्हणून सोसायटीनं कुरुंद्याला पशुखाद्याचा कारखाना काढला आणि यांना मॅनेजर केलं. झालं! पाया खणण्यापासून पत्रे ठोकेपर्यंत हे गवंड्याच्या डोक्यावर बसून. सिमेंटात वाळूच जास्त घातली काय, खिळेच घरी नेले काय, यांना सारखा संशय! मक्याच्या गोदामाची किल्ली यांच्या कंबरेला, मका कसा साठवायचा तेही यांनीच ठरवलेलं.

एवढं करून पहिल्याच खेपेला नाक कापलं गेलं. अंगणात गाव जमलं, संचालक संतरामआबांनी आपली लालकंधारी बैलजोडी आणली, घमेल्यात खाद्य ओतलं. बैलांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. म्हशीनं तर घमेलंच उलथवलं. तातेरावांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं अन् थुंकले. कडूजहर!

"कुणीतरी कायतरी कालवलं," आबा म्हणाले. "आता कोण घेईल आपलं खाद्य?"

तातेरावांची नजर सरळ मिशीन चालवणाऱ्या सोनाजीवर गेली. वसमतच्या पेंडवाल्या व्यापाऱ्याच्या दुकानापुढं हा चहा पिताना त्यांना दिसला होता. कारखाना बुडाला तर फायदा कुणाचा? त्या व्यापाऱ्याचाच की! मनात पाल चुकचुकली ती थांबेना.

त्यांनी ताटली मागवली. बेलाचं पान, वर हळद. "उचल बेलभंडारा. देवाच्या नावानं सांग, काही कालवलं न्हाई म्हणून."

सोनाजीनं हात मागं घेतला. "साहेब, आमी धम्म घेतला. देवाची आण घेत न्हाई. शब्द देतो, मी काही कालवलं न्हाई."

"मनात पाप न्हाई तर काहून भिऊन राहिला?"

"भीत न्हाई. माझा शब्द बास समजा."

"तुझा शब्द? चालता हो!"

सोनाजी पाने-हातोडी तिथंच ठेवून गेला. घरी बाळंतीण बायको, अन् गावादेखत कपाळावर दगाबाजाचा शिक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातेरावांच्या ओसरीवर त्यांची बायको पार्वतीबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. सुपातला वाळका कडुलिंबाचा पाला वेचून बाजूला टाकत होत्या.

"काय टाकून राहिलीस?"

"पाला. किडे होऊ न्हाई म्हणून कणगीत घालतोच की आपण. दळणात गेला तर भाकर तोंडात धरवत न्हाई. आज काय नवल वाटलं तुमाला?"

तातेरावांनी त्यातलं एक पान जिभेवर ठेवलं, तीच कडू चव! गोदामातल्या मक्यात पाला त्यांनीच घालायला लावला होता, घरच्या रीतीनं, थरावर थर. घरी बायको निवडते. कारखान्यात कोण निवडणार? वाळून चुरा झालेल्या पाल्यासकट मका मिशीनीत गेला होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा! बाबा रे, कुणाच्या लेकराबाळांच्या पोटावर पाय दिला आपण?

लाज गिळून ते सोनाजीच्या दारी गेले. त्याला घेऊन आले आणि कारखान्याच्या अंगणात गाव गोळा करून म्हणाले, "मक्यातला पाला माझा. चूक माझी. सोनाजीनं काही केलं न्हाई."

आबांनी डोळे बारीक केले. "काल त्याला हाकलून दिलंत, आज त्याच्याच दारी गेलात. त्या व्यापाऱ्यानं तुमालाच तर गाठलं न्हाई ना, तातेराव? उचला बेलभंडारा!"

कुणीतरी तीच ताटली पुढं केली. आजवर तातेरावांकडं असं कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केला, बोटं हळदीला लागली.

"राहू द्या," सोनाजी मधेच म्हणाला. "साहेबांचा शब्द मला बास हाय."

काल ठेवलेले पाने-हातोडी उचलून तो मिशीनीकडं गेला. तातेराव हळदीची बोटं तशीच धरून उभे राहिले. काल सोनाजी एवढंच तर मागत होता.