बेचाळीसचे छत्तीस

मी भिंतीवरचा तापमापक बोलतोय. बोलतोय कसला, घाबरून बडबडतोय म्हणा. दुपारचे दोन वाजून गेलेत आणि माझ्या पोटातली लाल रेघ बेचाळिसावर चढली आहे.

कारखान्यात आम्हाला आधी बर्फाच्या पाण्यात बुडवलं, मग गरम पाण्यात. ज्याचा आकडा चुकला, तो थेट फुटक्या काचांच्या डब्यात. खोट्याची धास्ती मला तेव्हापासूनची.

पुढे आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी आम्हा बारा भावंडांना या पत्र्याच्या घरांच्या गल्लीत आणलं. "बातम्यांतलं तापमान मोकळ्या मैदानातलं असतं. तुमच्या पत्र्याखाली काय होतं ते तुम्हीच मोजा," त्या म्हणाल्या. रोज दोन वाजता बारा घरांनी आपापला आकडा ग्रुपवर टाकायचा. सरासरी अडतिसाच्या वर गेली की शिटी वाजणार, शाळेचं सभागृह उघडणार, आणि म्हातारी माणसं, तान्ही बाळं तिथल्या कूलरसमोर न्यायची. शाळेशी तसं ठरलंच होतं.

मी शिलाईवाल्या ताईच्या वाट्याला आलो. तिच्या सासूबाईंच्या खाटेसमोर मला टांगलं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सासूबाई खाटेवरच असत, जीभ मात्र धडधाकट होती. "हा मेला माझ्याकडेच बघत बसतो गं!" म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी माझं स्वागत केलं.

त्या दिवशी ताईने खरा आकडा टाकला, चाळीस. लगेच समोरच्या वहिनींचा आला, सदतीस. खाली लिहिलं होतं, "बाई गं, तुमच्याकडे फारच उकडतं! आजींचं कसं होतं?"

ताईचा चेहरा उतरला. "लोक म्हणतील, सून म्हातारीला भट्टीत ठेवते," ती नवऱ्याला म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावर चाळीस आणि ग्रुपवर छत्तीस. मग गल्लीत चढाओढच लागली. मार्क वाढवून सांगणारी माणसं मी ऐकून होतो, उकाडा कमी करून सांगणारी इथे बघितली. झाकली मूठ सव्वा लाखाची! नर्सबाई विचारायच्या, "आकडे खरेच आहेत ना?" बाराही घरं "हो" म्हणायची.

मला फार भीती वाटायची. माझ्याकडे बघायचे सगळे, पण ऐकत कोणीच नव्हतं.

गेल्या मंगळवारी रेघ त्रेचाळिसावर गेली. ताई माझ्याकडे पाठ करून मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. सासूबाईंची बडबड थांबली. मग घाम थांबला. कपाळ कोरडं ठणठणीत, डोळे अर्धवट उघडे. माझी पाचावर धारण बसली. मशीनची खडखड चालूच होती. किती वेळ, ते मला सांगवत नाही.

"आई? अहो आई, बोला ना!"

सासूबाईंनी तिला ओळखलंच नाही. रिक्षा, दवाखाना, सलाइन. त्या दिवशीही ताईने ग्रुपवर छत्तीसच टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई परत आल्या, पण निम्म्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा असं झालं तर हाती काही राहणार नाही. आणि उन्हाळा अजून दीड महिना आहे.

आज ताईने बेचाळीस टाकलं. मला वाटलं, सुटलो! पण बाकीची अकरा घरं आली छत्तीस, पस्तीस, साडेछत्तीस अशी. सरासरी सदतिसालाही पोचली नाही. सभागृहाचं कुलूप तसंच आहे. सासूबाईंचे ओठ पुन्हा सुकायला लागलेत. नवऱ्याला ओला पंचा घेऊन त्यांच्याजवळ बसवून ताईने मला खिळ्यावरून काढलं आणि तडक समोरचं दार वाजवलं.

"वहिनी, तुमचा आकडा बघू द्या."

"आमच्याकडे तसं काही नाही बाई," वहिनी दार अडवून उभ्या राहिल्या.

त्यांच्या खांद्यावरून मला भिंतीवरचा माझा भाऊ दिसला. तोही बेचाळीस. आणि त्याच्या खाली, चटईवर, त्यांचं चार महिन्यांचं बाळ. हलत नव्हतं. झोपलं असेल. झोपलेलंच असू दे.

"आकडा राहू दे," ताई म्हणाली. "बाळाला घाम येतोय का, तेवढं बघा. आईंचा थांबला होता."

वहिनी, रागवा हवं तर आमच्यावर. पण आधी मागे वळून बघा हो.