सतरंजीवरचं भांडण

शाळेतून फोन आला तशी मी पायात चपला सरकवल्या. गोट्याने चिमीच्या दंडाला कडकडून चावा घेतला होता आणि बाईंनी दोघांच्या वडिलांना बोलावलं होतं. दोघंही माझेच लेक. एकाच कारखान्यात सुतारकाम करतात; पण मधोमध प्लायवूड ठोकून घेतलंय, आणि एकमेकांशी अवाक्षर नाही. माझी नातवंडं एकत्र बसतात ती फक्त त्या वर्गात.

थोरला वाटेतच म्हणाला, "आई, आज चिमीचं नाव काढतो. दुसऱ्या शाळेत घालतो."

"अरे, एवढीशी पोरं ती..."

"चावलाय तो! पोरगं पाळलंय की कुत्रं?"

धाकटा फाटकाशी उभा होता. त्याने ऐकलं. "आई, त्याला सांग, कुत्रंसुद्धा उगाच चावत नाही."

मी थेट वर्गाकडे चालू लागले.

वर्गात सतरंजीवर दोघं समोरासमोर बसली होती. बाई म्हणाल्या, "इथे भांडण झालं की स्वतःचं गाऱ्हाणं सांगायचं नाही. समोरच्याचं सांगायचं. तो 'हो, असंच' म्हणेपर्यंत. हा आमचा शांततेचा तास."

"चावून झाल्यावर शांतता!" थोरला पुटपुटला.

चिमी म्हणाली, "मी गोट्या. चिमी सगळ्यांसमोर म्हणाली, तुझे बाबा चोर आहेत, आजोबांचा रंधा पळवला. सगळे हसले. मला रडू येत होतं, म्हणून चावलो."

"हो, असंच," गोट्या म्हणाला. मग नाक पुसून, "मी चिमी. मला तसं बोलायचं नव्हतं. पण बाबा रोज जेवताना म्हणतात."

"हो, असंच."

थोरल्याचे कान लाल झाले. धाकटा ताडकन उठला. आता इथेच जुंपते, असं वाटून मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"सतरंजी मोकळी आहे," पोरांना उठवून बाई म्हणाल्या.

"आम्ही काय पोरं आहोत?" थोरला म्हणाला. पण दाराकडे गेला नाही.

बाईंनी मला आणि पोरांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं.

आतून आवाज येईना. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. निदान कळलं असतं. मग थोरल्याचा आवाज आला, अडखळत, "त्याला वाटतं... बाबा गेल्यावर मी त्याला काही विचारलंच नाही. म्हणून त्याने रंधा उचलला."

"अर्धंच बरोबर आहे," धाकटा म्हणाला.

आत पावलं वाजली. धाकटा आला उठून, मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

"आजी, हात दुखतोय ना," चिमी कळवळली. मी दोघांचे हात किती आवळून धरले होते, मलाच ठाऊक नव्हतं.

"मग तूच सांग ना..." आतून थोरला म्हणाला आणि थांबला. "बरं, नको. मीच परत सांगतो."